तरफेच्या शिकारी रायफलींची ओळख व कालनिर्णय

जुन्या बंदुकांचा काळ ठरविणे हा हौशी संग्राहकांचा उद्योग होय, असा समज इतिहासाच्या अभ्यासकांमध्ये अजूनही आढळतो. खेड्यापाड्यांतून हिंडून सनदा, वंशावळी, देवळांतील घंटा आणि वेशीवरील वीरगळ यांची बारकाईने नोंद करणारा अभ्यासक माजघरातल्या खुंटीला टांगलेल्या बंदुकीपाशी मात्र अडखळतो. घरातील वडीलधारी माणसे सांगतील ती तारीख वहीत उतरवून तो पुढे जातो. ही तारीख पुष्कळदा सत्तावन सालच्या बंडाशी किंवा एखाद्या इंग्रज साहेबाच्या शिकारीशी जोडलेली असते. वास्तविक बंदूक हा शिलालेखासारखाच कोरलेला पुरावा आहे. तिच्या पोलादावर कारखाना, परीक्षागृह, सरकारी खाते आणि विक्रेता अशा चार निरनिराळ्या हातांनी चार निरनिराळ्या वेळी मजकूर उमटविलेला असू शकतो. तो वाचण्याची रीत, विशेषतः तरफेने चालणाऱ्या शिकारी रायफलींच्या बाबतीत, स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी मुरबाड तालुक्यातील वैशाखरे व त्याच्या आसपासचा, शहापूर तालुक्यापर्यंत पसरलेला डोंगराळ टापू डोळ्यांसमोर ठेवला आहे. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाणेघाटाच्या पायथ्याच्या प्रदेशात वैशाखरे वसले आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना हा टापू ओळखीचा असतो तो नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखामुळे. या लेखाचा काळ विद्वानांनी ठरविला तो मुख्यतः अक्षरांच्या वळणावरून, आणि बहुतेकांनी तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात घातला. अक्षराचे वळण काळाची सर्वसाधारण चौकट देते. नेमके वर्ष देत नाही. बंदुकीचा नमुना, म्हणजे तिच्या यंत्रणेचा घाट, हाही लिपीच्या वळणासारखाच आहे. तो केव्हापासून प्रचारात आला हे सांगता येते. पण तो अनेक दशके प्रचारात राहत असल्यामुळे हाती असलेली वस्तू केव्हा घडली हे त्यावरून कळत नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे बंदुकांच्या नोंदींत पन्नास-पन्नास वर्षांच्या चुका होतात.

घाटाखालच्या या गावांत तरफेची रायफल ही अपवादात्मक वस्तू समजली पाहिजे. भात-नागलीची शेती, लगतचे रान आणि रानडुकरांचा उपद्रव यांमुळे कोकणपट्टीत शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना देण्याची पद्धत जुनी आहे. परंतु असा परवाना प्रामुख्याने ठासणीच्या बंदुकीचा असे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणाच्या संदर्भात ठासणीच्या बंदुकीचाच स्वतंत्र उल्लेख आहे. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू व छर्रे भरून गजाने ठासावे लागतात आणि नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत आतल्या बाजूस पेचदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व लांबवर सरळ राहते. शेतकऱ्याच्या परवान्यात सामान्यतः न बसणारे हे शस्त्र अशा गावात एखाद्या घरी आढळले, तर ते तेथे आले कसे, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी रयतेला परवान्याच्या बंधनात जखडले आणि युरोपियनांना बहुतांशी मोकळे ठेवले. त्या व्यवस्थेत कोणाच्या हाती कोणते शस्त्र होते, हे सामाजिक इतिहासाचे एक दुर्लक्षित पान आहे, आणि शस्त्राचा काळ चुकला की त्या पानाचा अर्थही चुकतो.

प्रथम शब्दाचा घोळ दूर केला पाहिजे. जुन्या शिकाऱ्यांच्या बोलण्यात ‘लिव्हरची बंदूक’ हा शब्दप्रयोग तीन अगदी भिन्न शस्त्रांना लावलेला असतो. पहिला प्रकार अमेरिकन आवर्ती रायफलीचा. हिच्यात चापाभोवतीचे कडे लांबवून त्याची तरफ केलेली असते. ती खाली-पुढे ढकलली की रिकामे काडतूस बाहेर पडते, घोडा चढतो, आणि मागे ओढली की साठ्यातील नवे काडतूस कोठ्यात सरकते. दुसरा प्रकार एकबारी मार्टिनीचा. तिचीही तरफ चापाच्या मागे खाली असते. पण ती ओढल्याने केवळ अडसर खाली झुकतो, आणि दर बाराला काडतूस हाताने घालावे लागते. तिसरा प्रकार म्हणजे नळ्या मधोमध मोडून उघडणारी विलायती दुनळी. तिच्या पोटाखाली चापाच्या कड्याला बिलगून एक तरफ असते व ती आडवी फिरवावी लागते. हेन्री जोन्स याने १८५९ मध्ये पेटंट घेतलेली ही कळ मजबूत असल्यामुळे जड रायफलींवर विसाव्या शतकातही वापरली गेली. तेव्हा तरफ खाली जाते की आडवी फिरते, आणि उघडल्यावर काडतुसांचा साठा दिसतो की रिकामा कोठा, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते. या तीन प्रकारांपैकी हिंदुस्थानात सर्वांत अधिक संख्येने आलेला प्रकार मार्टिनीचा असल्याने त्याचा विचार आधी करणे योग्य होईल.

फ्रीड्रिख फोन मार्टिनी या स्वित्झर्लंडमधील यंत्रज्ञाने अमेरिकन पीबॉडीच्या कल्पनेत सुधारणा करून सिद्ध केलेला अडसर आणि एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीने आखलेली सात खाचांची नळी यांच्या संयोगातून मार्टिनी-हेन्री रायफल निर्माण झाली. ब्रिटिश सैन्याने ती १८७१ मध्ये स्वीकारली. तिची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची, आणि काळी दारू ८५ ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅमची असे. दुसरी आवृत्ती १८७७ ची, तिसरी १८७९ ची; चौथी १८८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आली व ती लांब तरफेवरून चटकन ओळखता येते. सैनिकी मार्टिनीच्या सांगाड्याच्या उजव्या अंगावर मुकुट, त्याखाली राजचिन्हाची अक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि आवृत्तीचा आकडा अशी ओळीने कोरणी असते. कारखान्याचे नाव ‘एनफील्ड’ असेल तर ती सरकारी कारखान्यातील, ‘बी. एस. ए.’ किंवा ‘एल. एस. ए.’ अशी आद्याक्षरे असतील तर बर्मिंगहॅम किंवा लंडन येथील ठेकेदार कंपनीची. येथे कोरलेले वर्ष हे निर्मितीचे वर्ष असते. हा मुद्दा साधा वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण अमेरिकन रायफलींवरील वर्षाचा अर्थ याहून सर्वस्वी वेगळा आहे. तो पुढे येईल.

मार्टिनीवर एकाऐवजी दोन वर्षे आढळल्यास गोंधळून जाण्याचे कारण नाही. लहान व्यासाचे .३०३ काडतूस प्रचारात आल्यावर अनेक जुन्या मार्टिनींना नवी नळी चढविण्यात आली. अशा रूपांतरित शस्त्राच्या उजव्या अंगावर मूळ कोरणी तशीच राहिली आणि डाव्या अंगावर रूपांतराची खूण व वर्ष आले. म्हणजे सांगाडा एका दशकातला आणि नळी दुसऱ्या. राजचिन्हाची अक्षरेही तपासून घ्यावीत. व्हिक्टोरिया राणीची ‘व्ही. आर.’ ही अक्षरे १९०१ नंतरच्या वर्षासह कोरलेली दिसली, तर ते शस्त्र इंग्रजी कारखान्यातले नव्हे, हे निश्चित. वायव्य सरहद्दीवर, विशेषतः दर्रा येथे, कारागिरांनी हुबेहूब नकला केल्या. पण कोरणारास इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे उलटी अक्षरे, चुकीची स्पेलिंगे व अशक्य वर्षे या नकलांवर सर्रास आढळतात. नकलेचे कौशल्य पाहून थक्क व्हावे आणि स्पेलिंग पाहून सावध व्हावे, असा हा प्रकार आहे.

सैन्यातील शस्त्र शिकाऱ्याच्या हाती गेले कसे? १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागचे शस्त्र देण्याचे धोरण होते. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी आली तेव्हा देशी शिपायाकडे स्नायडर होती. रेल्वेतील व इतर युरोपियन, अँग्लो-इंडियन नोकरवर्गाची जी स्वयंसेवक दले होती, त्यांनाही सरकारी रायफली मिळत. जिम कॉर्बेट यांनी ‘जंगल लोअर’ या १९५३ च्या पुस्तकात विद्यार्थिदशेत स्वयंसेवक दलातून मिळालेल्या .४५० मार्टिनीने केलेल्या बिबट्याच्या शिकारीची हकीकत दिली आहे. सैनिकी व शिकारी यांतील सीमारेषा किती पुसट होती, हे यावरून दिसते. ठाणे जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आणि १८६५ मध्ये थळघाट चढून वर गेलेल्या लोहमार्गाने शहापूरचे रान मुंबईच्या साहेबांना एका दिवसाच्या अंतरावर आणले होते. याशिवाय मुद्दाम शिकारीसाठी घडविलेल्या खाजगी मार्टिनीही असत. त्यांवर मुकुट व वर्ष नसते, नळीवर बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाच्या मुद्रा असतात आणि दस्ता अधिक नाजूक व जाळीदार नक्षीचा असतो. ग्रीनर कंपनीने तर याच यंत्रणेवर छऱ्यांची गुळगुळीत नळीची बंदूक काढली. म्हणून बाहेरून मार्टिनी दिसणारे प्रत्येक शस्त्र रायफल असते असे नाही. नळीत डोकावल्याशिवाय ‘रायफल’ हा शब्द नोंदीत लिहू नये.

आता अमेरिकन आवर्ती रायफलीकडे वळू. बी. टायलर हेन्री याच्या १६ ऑक्टोबर १८६० च्या पेटंटपासून या वंशाची सुरुवात होते. हेन्रीच्या रायफलीत नळीखालच्या लांब पोकळीत पुढच्या टोकाकडून काडतुसे भरावी लागत, आणि नळीखाली लाकडी पकड नव्हती. विंचेस्टर कंपनीच्या १८६६ च्या नमुन्यात सांगाड्याच्या उजव्या अंगास भरण्याचे दार आले व लाकडी पकडही आली. सांगाडा मात्र पितळी झळाळीच्या मिश्रधातूचाच राहिला. १८७३ च्या नमुन्यात तो लोखंडाचा, पुढे पोलादाचा झाला व काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आघात करण्याऐवजी मध्यावर आघात करणारी पद्धत आली. या एका नमुन्याच्या सात लाखांहून अधिक रायफली १९२० नंतरच्या दशकापर्यंत तयार होत राहिल्या. १८७६ चा नमुना त्याचेच थोराड रूप होय. १८८६, १८९२, १८९४ व १८९५ हे चार नमुने जॉन ब्राउनिंगच्या रचनेवर आधारलेले आहेत. त्यांपैकी १८९४ च्या नमुन्यासाठी १८९५ मध्ये निर्धूम दारूचे .३०-३० हे काडतूस आले आणि त्याच्या नळीसाठी निकेलमिश्रित पोलाद वापरले गेले. नळीवर तसा स्पष्ट मजकूर असतो.

साठ्याच्या रचनेवरूनही ओळख पटते. नळीतील साठ्यात एका काडतुसाचे टोक पुढच्याच्या बुडाला टेकते, म्हणून त्यात बसणाऱ्या गोळ्या बोथट असाव्या लागतात. अणकुचीदार गोळी धक्क्याने पुढचे काडतूस पेटवील. १८९५ च्या नमुन्यात ही अडचण उरली नाही, कारण त्यात चापापुढे पोटात पेटीसारखा साठा आहे. वाघ-अस्वलासारख्या मोठ्या जनावरासाठी पुरेसे ठरणारे .४०५ काडतूस याच नमुन्यासाठी १९०४ मध्ये आले. मार्लिन कंपनीच्या १८८९ नंतरच्या रायफलींचा माथा बंद असतो व रिकामे काडतूस बाजूने उडते. त्या काळच्या विंचेस्टरचे ते माथ्यावरून उडते. सॅव्हेजच्या १८९९ च्या रायफलीस बाहेर घोडाच नसतो. इतके या दोहोंविषयी पुरे.

आता वर्षाच्या अर्थाचा मुद्दा. १८७३ च्या विंचेस्टरच्या नळीवर कंपनीच्या नावाखाली २९ मार्च १८६६ आणि १६ ऑक्टोबर १८६० या दोन तारखा कोरलेल्या असतात. त्या किंगच्या व हेन्रीच्या पेटंटच्या आहेत. ही रायफल १८८० ची असो वा १९०० ची, नळीवरील तारखा त्याच. ‘१८६०’ हा आकडा ज्यांना वाचता आला त्यांनी ती बंडानंतर लगेचची बंदूक समजावी हे स्वाभाविक असले, तरी त्या वर्षी हा नमुनाच जन्मला नव्हता. तीच गोष्ट १८८६ व १८९२ या नमुन्यांवर आढळणाऱ्या १४ ऑक्टोबर १८८४ या तारखेची. पेटंटची तारीख ही केवळ खालची मर्यादा असते: शस्त्र तिच्यापूर्वीचे असू शकत नाही, एवढेच ती सांगते. एकाहून अधिक तारखा असतील तर त्यांतील शेवटची तेवढी उपयोगाची.

निर्मितीचे वर्ष मिळते ते अनुक्रमांकावरून. १८६६, १८७३, १८७६ व १८८६ या नमुन्यांत तो तरफेमागे दस्त्यात शिरणाऱ्या खालच्या पोलादी पट्टीवर असतो. १८९२ व १८९४ या नमुन्यांत सांगाड्याच्या पोटावर पुढच्या बाजूस. अनुक्रमांकांवरून वर्ष काढण्याची कोष्टके छापलेली आहेत, पण ती सर्वत्र जुळत नाहीत. जॉर्ज मॅडिस यांची कोष्टके आणि कारखान्याच्या पॉलिशखात्यातील नोंदींवरून केलेली कोष्टके यांत काही नमुन्यांच्या बाबतीत वर्षांचा फरक पडतो. क्रमांक सांगाड्यावर घातला जाई. पूर्ण रायफल कारखान्याबाहेर पडण्यास त्यानंतर कधी आठवडे, कधी वर्षेही लागत. कंपनीची जुनी पाठवणीची खातेपुस्तके वायोमिंग राज्यातील कोडी येथील संग्रहालयात आहेत, आणि ज्या क्रमांकांच्या नोंदी शिल्लक आहेत त्यांची माहिती तेथून मागविता येते. नोंद करताना ‘अमुक कोष्टकानुसार’ असे लिहिण्याची सवय ठेवावी. ज्या विंचेस्टरवर अंडाकृतीत ‘डब्ल्यू. पी.’ ही कंपनीची परीक्षामुद्रा मुळातली आहे, ती १९०५ पूर्वीची नसते.

आणखी एक फसवी खूण नळीवरील ‘डब्ल्यू. सी. एफ.’ या अक्षरांची आहे. ती विंचेस्टरच्या मध्याघाती काडतुसाची संज्ञा होय. कर्त्याचे नाव नव्हे. .४४ डब्ल्यू. सी. एफ. आणि .४४-४० ही एकाच काडतुसाची दोन नावे आहेत. प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या मालावर नको म्हणून इतरांनी दुसरे नाव रूढ केले. त्यातील ४० हा आकडा काळ्या दारूचे ग्रेन दाखवितो. स्पेनमधील आयबार येथे ‘एल टिग्रे’ या नावाने १८९२ च्या नमुन्याची नक्कल निघाली. परवान्यावर कारकुनाने ‘विंचेस्टर’ लिहिले म्हणून रायफल विंचेस्टरची ठरत नाही. परवाना हा शस्त्राच्या मालकीचा पुरावा आहे. त्याच्या वर्णनाचा पुरावा म्हणून तो दुबळा आहे. तरीही त्यावरील क्रमांक अवश्य उतरवून घ्यावा, कारण गंजाने खाल्लेला अंक पुष्कळदा तेथेच वाचावयास मिळतो.

अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या खुणा परीक्षागृहांच्या. नळीत मुद्दाम जादा दारू भरून बार काढावयाचा आणि ती टिकली तर तिच्यावर मुद्रा मारावयाची, ही युरोपातील जुनी पद्धत. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला तो अधिकार १६३७ च्या सनदेने मिळाला. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये स्थापन झाले. बर्मिंगहॅमच्या जुन्या मुद्रेत मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड व अक्षरे असतात. १९०४ पासून ती बदलून मुकुटाखाली ‘बी. पी.’, ‘बी. व्ही.’ व निर्धूम दारूच्या परीक्षेसाठी ‘एन. पी.’ अशी अक्षरे आली. १८७५ ते १८८७ या अवधीत तोंडाशी आवळलेल्या छऱ्यांच्या नळ्यांवर ‘गोळीसाठी नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर घालीत. बेल्जममधील लिएज येथील मुद्रा म्हणजे अंडाकृतीत ‘ई. एल. जी.’ ही अक्षरे. १८९३ पासून या अंडाकृतीवर मुकुट बसला. हिंदुस्थानात आलेल्या स्वस्त बंदुकांपैकी फार मोठा भाग लिएजचा असल्याने ही एक खूण पाठ असावी.

अमेरिकन रायफलीवर इंग्रजी परीक्षामुद्रा दिसणे ही विसंगती वाटते, पण तीच तिच्या प्रवासाची साक्ष आहे. परदेशी शस्त्र इंग्लंडमध्ये विकावयाचे तर तेथे त्याची परीक्षा होणे आवश्यक असे. १९२५ च्या नियमांनुसार अशा शस्त्रावर ते इंग्रजी बनावटीचे नसल्याचा मजकूर उमटवीत, आणि ही प्रथा १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. समजा, वैशाखऱ्यासारख्या गावात १८७३ च्या नमुन्याची एक रायफल पुढे आली. नळीवर १८६० व १८६६ या तारखा आहेत, अनुक्रमांक कोष्टकानुसार १८९० नंतरच्या दशकात पडतो, आणि नळीच्या मुळाशी इंग्रजी बनावटीची नसल्याचा तो मजकूर आहे. मग रचनेचे वर्ष १८७३, निर्मितीचे दशक १८९० नंतरचे, आणि इंग्लंडच्या परीक्षागृहातून ती गेली १९२५ नंतर. म्हणजे या टापूत ती आली त्याहूनही पुढे. पणजोबांनी ती बंडात वापरल्याची कथा येथे टिकत नाही. परंतु आजोबांनी मुंबईच्या एखाद्या साहेबाकडून दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घेतली, अशी आठवण घरातल्या आजीने सांगितली, तर पोलाद तिच्या बाजूने साक्ष देते. कौटुंबिक आठवणींना सरसकट खोटे ठरविणे हे या शास्त्राचे काम नव्हे. अनेक आठवणींतील कोणती वस्तूशी जुळते, हे ते दाखविते.

नळीवरील नावाचा अर्थही सावधपणे करावा. ‘मँटन, कलकत्ता’, ‘रॉडा, कलकत्ता’ किंवा ‘आर्मी अँड नेव्ही’ अशी नावे बहुधा विक्रेत्याची असतात; शस्त्र बर्मिंगहॅमच्या कोणा कारागिराने घडवून त्यांच्या नावाने दिलेले असते. आर्मी अँड नेव्ही सहकारी संस्थेचे मुंबईतील दुकान १८९१ मध्ये उघडले. म्हणून नावाबरोबर मुंबईचा पत्ता कोरलेला असेल तर त्यालाही खालची मर्यादा मिळते.

व्यासाचा पुरावा कायद्याशी निगडित आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान सरकारने .४५० व्यासाच्या खाजगी रायफलींच्या आयातीवर बंदी घातली. जुन्या सैनिकी मार्टिनी बंडखोरांच्या हाती गेल्या होत्या, आणि त्यांच्या उपयोगाच्या गोळ्या शिकाऱ्यांच्या पेट्यांतून पोहोचू नयेत, हा हेतू. इंग्रज बंदूककारांनी लगोलग .४६५, .४७०, .४७५ अशी जवळचीच पण निराळी काडतुसे काढून बाजार राखला. .३०३ हे सैन्याचे काडतूस म्हणून निषिद्धच होते. एखाद्या घरात .४५० ची शिकारी रायफल असेल तर ती या बंदीपूर्वी देशात आलेली असण्याचा संभव अधिक, असा तर्क त्यावरून करता येतो. मात्र तो तर्कच आहे, मुद्रेइतका पक्का पुरावा नव्हे. व्यास मोजताना नळीच्या तोंडाशी पट्टी लावून भागत नाही, कारण तोंड गजाने झिजलेले असते. कोठ्यात वितळलेल्या गंधकाचा ठसा ओतून मोजमाप घेण्याची जुनी रीत अचूक आहे. पण ती जाणत्या बंदूककारानेच करावी. सोबत ठेवलेल्या जुन्या काडतुसांवरून बंदुकीचा काळ ठरवू नये. काडतुसाच्या बुडावर ‘के. एफ.’ दिसले तर ते खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे, आणि हा कारखाना १८६९ चा. परंतु काडतूस बाजारातून काल आणलेलेही असू शकते.

प्रत्यक्ष पाहणीत पहिली गोष्ट सुरक्षिततेची. नळीखालचा साठा बाहेरून दिसत नाही, आणि तरफ एकदा हलवून कोठा रिकामा दिसला तरी साठ्यात काडतूस दडलेले असू शकते. तरफ खाली-वर करताच ते कोठ्यात जाते. म्हणून शस्त्र परवानाधारकानेच उघडून दाखवावे, अभ्यासकाने ते स्वतःकडे घेऊन जाऊ नये. विनापरवाना शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे व संशोधनाचा हेतू त्यास अपवाद ठरत नाही. काळ्या दारूसाठी घडलेल्या नळीत निर्धूम दारूचे काडतूस उडवून पाहण्याचा मोह कोणासही होऊ देऊ नये. नळी फुटून हात गेल्याचे प्रकार अशाच मोहातून होतात. मुद्रा वाचण्यासाठी पॉलिश कागद किंवा राख घासणे म्हणजे शिलालेखावर छिन्नी चालविण्यासारखे आहे. मऊ फडक्याला किंचित खनिज तेल, खोबणीत खडूची पूड आणि बाजूने तिरपा प्रकाश एवढे पुरते. लेखाचा ठसा घेण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला पातळ कागदावर शिशाची कांडी घासून मुद्रेचा ठसा घेणे अवघड जाणार नाही. दस्ता उतरविल्यास नळीच्या पोटावरील मुद्रा दिसतात, परंतु मळसूत्रांची डोकी बिघडविणाऱ्या हौशी हातांनी ते करू नये.

या कामाला घाई आहे, आणि ती कायद्याने आणलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारी रायफलीचे प्रयोजनच उरले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, आणि वारशाने आलेल्या शस्त्रांनाही ती मर्यादा लागू आहे. दोन शस्त्रे ठेवून तिसरे द्यावयाचे झाले की कुटुंब साहजिकच जुने, काडतूस न मिळणारे शस्त्र देते. तेच अभ्यासकाच्या उपयोगाचे असते. शंभर वर्षे उलटली म्हणजे बंदूक परवान्यातून सुटते, हा समज चुकीचा आहे. १९५९ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमातील सूट कालबाह्य घाटाच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्तीनेही वापरता येणार नाही, अशी अट तिला जोडलेली आहे. चालू स्थितीतील १८७४ ची मार्टिनी या सुटीत बसत नाही. दुसरीकडे, १९७२ च्याच पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. म्हणजे निर्मितीचे वर्ष हे कौटुंबिक अभिमानापुरते राहत नाही. ठाण्यात जमा झालेले शस्त्र भंगारात जाणार की संग्रहालयाकडे पाठविण्याचा प्रस्ताव होणार, हे काही अंशी त्याच्या अभ्यासपूर्ण नोंदीवर अवलंबून असते.

नोंदीत निर्मितीचा काळ, परीक्षेचा काळ आणि घरात येण्याचा काळ असे तीन रकाने वेगळे ठेवावेत. प्रत्येकासमोर तो कोणत्या खुणेवरून किंवा कोणाच्या सांगण्यावरून आला हे लिहावे आणि न वाचलेल्या मुद्रेचे रेखाचित्र काढावे, अंदाजाने ती पुरी करू नये. मालकाचे नाव, घराची खूण व पूर्ण अनुक्रमांक छापील लेखात देऊ नयेत. ते विभागाच्या दप्तरात राहावेत.